एकच क्यू, तीन खेळ: आठ महिन्यांनंतर

परवा पूलमधल्या नाइन-बॉलचा ब्रेक, म्हणजे सुरुवातीचा जोरदार फटका, मारला आणि क्यूची (खेळायच्या काठीची) टोकाची टिप उडून शेजारच्या टेबलाखाली गेली. दुकानदार म्हणतो, "टिपला वॉरंटी नसते हो." ४,८०० रुपये मोजून घेताना हे सांगायला कुणाची हरकत होती?

क्यू स्नूकरचा: ॲशच्या लाकडाचा, पितळी फेरूल (टिपखालची कडी), साडेनऊ मिमीची टिप. पूलच्या क्यूची टिप तेराच्या आसपास असते, हे ठाऊक होतं. पण दोन क्यूंसाठी दोनदा पैसे कोण घालवणार? याच्यावरच स्नूकर, एट-बॉल, नाइन-बॉल सगळं भागवायचं ठरवलं.

पहिले दोन महिने क्यूला शिव्या घातल्या. क्यूने मारायचा पांढरा बॉल स्नूकरमध्ये सरळ पुढे जायचा, पूलच्या टेबलावर मात्र दुसऱ्या बॉलला धडकून जागीच थबकायचा. मग कापडाला दोष दिला, पावसाळ्याच्या दमटपणालाही दिला. शेवटी कोथरूडच्या आमच्या पार्लरमधल्या मार्करकाकांनी (गुण मोजणाऱ्या काकांनी) दोन्ही पांढरे बॉल शेजारी ठेवले. स्नूकरचा ५२.५ मिमी, पूलचा ५७.१५. म्हणजे पूलच्या बॉलचा मध्य सव्वादोन मिमी वर! माझा हात स्नूकरच्या उंचीला बसलेला, त्यामुळे मी प्रत्येक वेळी मध्याखालीच मारत होतो आणि नकळत स्टन होत होता, म्हणजे पांढरा धडकेनंतर थांबत होता.

गंमत म्हणजे एट-बॉलमध्ये ही चूक पथ्यावर पडायची. आपल्या गटातला कुठलाही बॉल चालतो, पांढरा जागीच थांबला तरी पुढचा काहीतरी दिसतो. नाइन-बॉलमध्ये मात्र सगळ्यात लहान नंबरालाच आधी लागावं लागतं. पाच नंबर या टोकाला, सहा त्या टोकाला, आणि पांढरा मध्येच बसलेला. आता पूलला क्यू टेकवायचा बोटांचा ब्रिज जरा उंच करतो. एवढ्यासाठी आठ महिने! विल्सन जोन्स (१९२२) आणि पंकज अडवाणी (१९८५) याच पुण्यात जन्मले. इथलं पाणी आमच्यापर्यंत पोचलं नसावं.

एक मात्र कबूल. साईड दिल्यावर, म्हणजे मध्याच्या डावी-उजवीकडे मारल्यावर, पांढरा बॉल उलट्या बाजूला जो सरकतो, तो पार्लरच्या जाड क्यूपेक्षा याने कमी सरकतो. म्हणून क्यूला आधी पाचात दीड तारे देणार होतो, आता साडेतीन. दुकानाला शून्य.

टिप घरीच चिकटवली. ब्रेक पार्लरच्याच जाड क्यूने मारतो, टेबलाच्या भाड्यात तो येतोच.