कॅरिबूच्या वाटा आणि सांगणाऱ्यांचा हक्क: 'सिकू' ॲपचे परीक्षण

कॅनडातील हडसन उपसागरात बेल्चर नावाची बेटे आहेत आणि त्यांवर सानिकिलुआक हे आर्क्टिकच्या मूळ रहिवासी इनुइट लोकांचे जेमतेम हजार वस्तीचे गाव आहे. या बेटांवर पूर्वी कॅरिबूंचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या रानटी रेनडिअरचे, कळप होते. १८८० च्या सुमारास ऐन हिवाळ्यात पाऊस पडला, जमिनीवरच्या बर्फावर तो गोठून त्याचे कडक कवच झाले, आणि खुरांनी बर्फ उकरून खालचा चारा खाणाऱ्या या जनावरांची उपासमार होऊन कळप नाहीसे झाले. कॅरिबूचे कातडे मिळेनासे झाल्यावर गावकऱ्यांनी आयडर जातीच्या बदकांची पिसांसह कातडी शिवून थंडीचे अंगरखे केले. पुढे १९७८ मध्ये बाहेरून रेनडिअर आणून या बेटांवर सोडण्यात आले. ज्या ॲपचे हे परीक्षण आहे ते 'सिकू', म्हणजे शिकारी व गावकऱ्यांनी प्राण्यांविषयीची आणि बर्फाविषयीची आपली निरीक्षणे नोंदवण्याचे साधन, याच गावातल्या 'आर्क्टिक आयडर सोसायटी' या संस्थेने उभे केले आहे, आणि संस्थेच्या नावातला आयडर म्हणजे तेच बदक. इनुइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेत 'सिकू' या शब्दाचा अर्थ समुद्रावरचे बर्फ असा होतो.

मी कोणत्या बाजूने या ॲपकडे पाहिले, हे आधी सांगणे योग्य ठरेल. मी शिकारी नाही आणि आर्क्टिकमध्ये राहिलेलोही नाही. पश्चिम महाराष्ट्रातील काही गावांत मी लोक जैवविविधता नोंदवहीचे काम केले आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक समित्यांनी गावकऱ्यांना विचारून ही वही तयार करायची असते. ज्या गावात मी सर्वाधिक काळ होतो, तेथे मेंढपाळांनी चराईच्या वाटांविषयी सांगितलेले सारे काही छापील तक्त्यांच्या रकान्यांत कोंबले गेले, वही कपाटात गेली आणि सांगणाऱ्यांपैकी एकालाही ती पुन्हा पाहायला मिळाली नाही. तेव्हापासून स्थानिक ज्ञानाची नोंद करणारे कोणतेही साधन समोर आले की, सांगितलेली गोष्ट शेवटी कोणाच्या ताब्यात राहते, हे मी सर्वप्रथम तपासतो. कॅरिबूंच्या स्थलांतराचा अभ्यास लोकांच्या ज्ञानातून कसा होतो, हे समजून घेण्यासाठी मी सिकू उघडले, तेव्हाही हाच प्रश्न मनात होता.

ॲप विनामूल्य आहे आणि मोबाइलवर तसेच संगणकावर चालते. २०१७ मध्ये गूगलच्या सामाजिक निधीच्या कॅनडातील स्पर्धेत संस्थेला साडेसात लाख डॉलर मिळाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये हॅलिफॅक्स येथे हे ॲप सर्वांसाठी खुले झाले. त्याची रचना फेसबुकची सवय असलेल्याला लगेच कळेल अशी आहे: छायाचित्र टाकावे, दोन ओळी लिहाव्यात, ठिकाण जोडावे. मात्र नोंदींचे प्रकार तिथल्या जगण्यातून आलेले आहेत. वन्यप्राणी, समुद्रबर्फ आणि वापरातली साधने यांच्यासाठी स्वतंत्र नोंदी आहेत, आणि नकाशावर उपग्रहांची ताजी चित्रे, हवामान व भरती-ओहोटी एकाच ठिकाणी पाहता येतात. गावाबाहेर पडल्यावर मोबाइलला रेंज नसते हे गृहीत धरलेले आहे. नोंद आणि प्रवासाची वाट फोनमध्ये साठते व गावात परतल्यावर इंटरनेटवर चढते. उत्तरेकडील गावांत इंटरनेट किती महाग आणि संथ असते हे लक्षात घेतले, तर ही सोय नसती तर ॲप निव्वळ शोभेचे ठरले असते.

आता कॅरिबूकडे वळू. या जनावरांच्या स्थलांतराचा शासकीय अभ्यास मुख्यतः दोन गोष्टींवर चालतो: जून महिन्यात माद्या विण्यासाठी जमतात त्या प्रदेशाची विमानातून छायाचित्रे घेऊन केलेली गणना, आणि काही जनावरांच्या गळ्यात बांधलेले उपग्रहाशी जोडलेले पट्टे. कॅनडाच्या 'वायव्य प्रदेश' (नॉर्थवेस्ट टेरिटोरीज) या भागातील ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या उत्तरेस फिरणाऱ्या बॅथर्स्ट कळपात असे पट्टे १९९६ पासून वापरात आहेत. पट्ट्यामुळे कळप आज कुठे आहे ते कळते, पण ते जनावर धष्टपुष्ट आहे की खंगलेले, हे कळत नाही. शिकारी मात्र जनावर सोलताना पाठीवरच्या चरबीचा थर बोटांनी मोजतो, हाड फोडून आतली मज्जा पाहतो, यकृतावर डाग किंवा किडे आहेत का ते तपासतो, पोटात काय सापडले ते लक्षात ठेवतो. हिवाळ्यात कॅरिबूचा मुख्य आहार असलेले शैवाक, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यात पडणाऱ्या दगडफुलाचे भाऊबंद, त्या वर्षी पुरेसे मिळाले की नाही, हे अशा तपासणीतून उलगडते. सिकूमध्ये वन्यप्राण्याच्या नोंदीला ही निरीक्षणे तारीख आणि ठिकाणासह जोडता येतात, आणि माझ्या मते स्थलांतराच्या अभ्यासाच्या दृष्टीने ॲपचा हा सर्वांत भक्कम भाग आहे. कारण कळपाने वाट का बदलली याचे उत्तर पुष्कळदा नकाशावरच्या रेषेपेक्षा जनावराच्या अंगावरच्या चरबीत आधी दिसते.

दुसरी जमेची बाजू भाषेची आहे. प्राण्यांची नावे, बर्फाचे प्रकार आणि ठिकाणांची नावे तिथल्या लोकांच्या बोलीतून ठेवण्यावर सिकूचा भर आहे. इनुक्टिटुटमध्ये कॅरिबूला 'तुक्तू' म्हणतात, पण शिकाऱ्याचे काम एवढ्या एका शब्दावर भागत नाही. मोठ्या नराला 'पांग्निक', मादीला 'कुलावाक' आणि पाडसाला 'नुर्राक' असे वेगळे शब्द आहेत. गोठा सांभाळलेल्या मराठी माणसाला कालवड, खोंड आणि गोऱ्हा यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही, तसाच हा प्रकार आहे. 'तीस कॅरिबू दिसले' या नोंदीपेक्षा 'पाडसांसह कुलावाक उत्तरेकडे चालल्या होत्या' ही नोंद स्थलांतराविषयी कितीतरी अधिक सांगते, कारण वसंतात विण्याच्या जागेकडे गाभण माद्या आधी निघतात आणि मोठे नर मागून रमतगमत येतात. इंग्रजी तक्ता भरायला दिला की यातले बरेच काही गळून पडते.

माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर वापराच्या अटींत मिळाले. नोंदीची मालकी नोंद करणाऱ्याकडेच राहते आणि त्याच्या परवानगीशिवाय ती संशोधकाला किंवा कंपनीला वापरता येत नाही. नोंद कोणी पाहावी हे तो ठरवतो आणि नेमके ठिकाण धूसर करून दाखवण्याची मुभाही त्याला आहे. बाहेरच्या अभ्यासकाला ही धूसरता खटकेल, आणि क्षणभर मलाही ती खटकली. परंतु कॅरिबूच्या बाबतीत ठिकाण ही साधी माहिती नव्हे. बॅथर्स्ट कळपाची संख्या १९८६ मध्ये सुमारे ४,७०,००० होती, ती २०२१ मध्ये सुमारे ६,२०० वर आली. उरलेल्यांना वाचवण्यासाठी वायव्य प्रदेशाच्या सरकारने पट्ट्यांच्या माहितीवरून आखलेले, कळपाबरोबर सरकणारे शिकारबंदीचे क्षेत्र ठरवले आहे. त्याच भागात गोठलेल्या सरोवरांवरून हिऱ्यांच्या खाणींकडे जाणारा हिवाळी रस्ता आहे आणि या रस्त्याने गाडीतून थेट कळपापर्यंत पोहोचता येते. अशा ठिकाणी 'आज इथे कॅरिबू आहेत' ही नोंद उघड्यावर पडली तर तिचा पहिला उपयोग कोण करील, हे सांगायला नको. जगातल्या बहुतांश कच्च्या हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात आणि त्यांचा मोठा व्यापार मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून होतो, त्यामुळे खाणीच्या धुळीने माखलेला चारा कॅरिबू टाळतात ही तिथल्या वडीलधाऱ्यांची तक्रार आपल्याला वाटते तितकी दूरची नाही.

उणिवा मात्र आहेत, आणि त्यांतली एक मूलभूत आहे. तुलनेने लहान उणीव अशी की, नोंदी तिथेच जमतात जिथे माणसे जातात. गावांभोवती आणि स्नोमोबाइलच्या नेहमीच्या वाटांवर त्यांची दाटी होते, आणि शेकडो किलोमीटरचा मधला प्रदेश कोरा राहतो. कोऱ्या जागेचा अर्थ 'तेथे कॅरिबू नाहीत' असा नवख्या वाचकाने लावला तर तो फसेल. नकाशाच तसा असल्याने हे बजावणे आवश्यक आहे.

मूलभूत उणीव काळाची आहे. सिकूमधली नोंद एका दिवसाची असते. कॅरिबूविषयीचे वडीलधाऱ्यांचे ज्ञान माणसाच्या आयुष्याएवढ्या आणि त्याहून लांब पल्ल्याचे असते. कॅनडाच्या उत्तरेकडील बॅफिन बेटाच्या दक्षिण भागातील इनुइट वडीलधाऱ्यांनी १९८० च्या दशकात सांगितले होते की, फॉक्स द्वीपकल्पातल्या हिवाळी चराईवर जनावरे फार वाढली आहेत, तिथले शैवाक संपत आले आहे आणि कळप लवकरच ती जागा सोडून जाईल. त्या दशकाच्या अखेरीस तसेच घडले. कॅरिबू पिढ्यान्‌पिढ्या वाढतात आणि ओसरतात, हे त्यांना आपल्या आईवडिलांकडून कळले होते. २०१४ च्या विमानगणनेत संपूर्ण बॅफिन बेटावर पाच हजारांहून कमी कॅरिबू आढळले आणि जानेवारी २०१५ मध्ये तेथे शिकार थांबवावी लागली. हे भाकीत करणाऱ्या माणसाच्या मनात सत्तर वर्षांच्या चराईचा हिशोब होता. छायाचित्र आणि दोन ओळींच्या चौकटीत तो हिशोब मांडायला जागाच नाही.

मुख्य भूप्रदेशावर या लांब पल्ल्याच्या स्मृतीला एक विलक्षण साक्षीदार मिळाला. कॅरिबूंच्या नेहमीच्या वाटांवर काळ्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची मुळे जमिनीबाहेर डोकावतात आणि खुरांनी त्यांवर घाव पडतात. मुळांची वलये मोजून प्रत्येक घावाचे वर्ष काढता येते. बॅथर्स्ट कळपाच्या प्रदेशातील अशा घावांवरून १९४० च्या दशकाच्या मध्याला आणि १९९० च्या दशकात कॅरिबू विपुल असल्याचे, तर १९२० च्या दशकात व १९५० ते १९७० च्या दशकांत कमी असल्याचे दिसले, आणि तिथल्या त्लिचो या मूळ रहिवासी लोकांच्या आठवणींशी हा आलेख जुळला. सिकूने असे दीर्घ कथन आवाजासह जपण्याची आणि रोजच्या नोंदी त्याच्याशी बांधण्याची ठळक सोय केली, तर स्थलांतराच्या अभ्यासाला त्याचा आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक उपयोग होईल.

त्याच त्लिचो लोकांनी २०१६ पासून चालवलेला उपक्रम या ॲपशी ताडून पाहण्यासारखा आहे. वडीलधारे, शिकारी आणि संशोधक दर उन्हाळ्यात काँटवॉयटो सरोवराकाठी तळ ठोकतात, बॅथर्स्ट कळपाच्या मागावर पायी फिरतात, आणि कॅरिबूबरोबरच लांडगे, डास, वारा, गवत या साऱ्यांवर नजर ठेवतात. 'आम्ही सगळे पाहतो' हे त्यांच्या पद्धतीचे नावच आहे. कळपाच्या गळ्यात पट्टे बांधणे हा जनावराचा अवमान आहे, असे मानणारे लोक त्यांच्यात आहेत, म्हणून त्यांच्या दृष्टीने पायी चालणे हा अभ्यास आहे आणि आदरही. वाट दाखवणाऱ्या पहिल्या तुकडीला न मारता पुढे जाऊ द्यावे, कारण मागचे कळप तिच्या वासावर व पाऊलखुणांवर चालतात, असा नियम कॅनडाच्या युकॉन प्रदेशातील ग्विचिन आणि इतर डेने लोकांतही (त्लिचो हेही याच डेने समूहातले) आहे. युकॉनमधल्या डेम्पस्टर महामार्गावर तो काही काळ सरकारी नियमातही उतरला होता. हा नियम म्हणजे स्थलांतराविषयीचा सिद्धान्त आणि वागण्याची रीत एकाच वाक्यात बांधलेली आहे. ॲपमधल्या नोंदीत तुकडी दिसली एवढे उरते; तिला का जाऊ दिले, हे कोणी मुद्दाम लिहिले तरच कळते.

सिकू कोणी वापरावे, याविषयी माझे मत असे आहे. उत्तरेकडील तरुण शिकाऱ्यासाठी ते मुळातच बनवलेले आहे, त्याला माझ्या शिफारशीची गरज नाही. वन्यजीवांचा अभ्यास करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने, आणि विशेषतः जैवविविधता समितीवर काम करणाऱ्याने, खाते उघडून ते अवश्य पाहावे, पण कॅरिबूंचा तयार नकाशा मिळेल या अपेक्षेने जाऊ नये. बाहेरच्या माणसाला फक्त सार्वजनिक नोंदी दिसतात, त्या विस्कळीत असतात आणि स्थानिक संदर्भ नसल्याने अर्ध्या कळतात. पहिल्या दिवशी वन्यप्राण्यांच्या नोंदींऐवजी वापराच्या अटी आणि गोपनीयतेचे पर्याय वाचावेत. एखाद्या गावाची माहिती संशोधनासाठी हवी असेल तर गावातील शिकाऱ्यांच्या संघटनेशी आधी बोलावे लागते; सानिकिलुआक ज्यात येते त्या नुनावुत प्रदेशात, इनुइट लोक आणि सरकार यांच्यातील १९९३ च्या जमीनहक्क करारानुसार, प्रत्येक गावात अशी संघटना आहे. मी पाचपैकी चार गुण देतो. एक गुण राखून ठेवला आहे तो वडीलधाऱ्यांच्या सत्तर वर्षांसाठी अजून जागा नाही म्हणून. ठिकाण धूसर ठेवण्याच्या सोयीबद्दल एकही गुण कापलेला नाही.