ब्रिटनमधल्या घरात एका नळीचा पोर्टेबल एसी: पूर्ण उन्हाळा वापरल्यावर

यंत्र 9,000 बीटीयूचं (बीटीयू हे गार करण्याच्या ताकदीचं माप), एका नळीचं, चाकांवर फिरणारं. घर लंडनच्या पश्चिमेकडचं, 1930च्या दशकातलं विटांचं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं. खोली वरच्या मजल्यावरची, पश्चिमेकडे खिडकी असलेली, साडेतीन मीटर बाय साडेतीन, उंची 2.4 मीटर. ब्रँड सांगण्यात फारसा अर्थ नाही, कारण 300 ते 450 पौंडांतली ही यंत्रं आतून जवळजवळ सारखीच असतात. फरक पडतो तो खिडकीचा. भारतातून आलेल्यांना पहिल्यांदा आठवतो तो विंडो एसी. इथल्या बहुतेक खिडक्यांची झडप बिजागरीवर बाहेर उघडते, त्यामुळे तो बसवायला जागाच नसते.

थोडक्यात निकाल आधीच: झोपायची एक खोली उन्हाच्या लाटेत 24-25 अंशांवर राहते आणि झोप लागते. अख्खा मजला गार होईल ही आशा सोडा. आणि खोक्यावर छापलेल्या ताकदीतली निम्म्याहून थोडीच जास्त हाती लागते.

हे असं का, ते आकड्यांत. 9,000 बीटीयू म्हणजे सुमारे 2.6 किलोवॉट. एका नळीचं यंत्र खोलीतलीच हवा ओढतं, ती तापवतं आणि नळीतून बाहेर टाकतं. तासाला साधारण 350 घनमीटर. ही खोली जेमतेम 30 घनमीटरची. म्हणजे तासाभरात दहा-बारा वेळा खोली रिकामी होते आणि तितकीच हवा फटींमधून आत येते. बाहेर 34 आणि आत 25 अंश असतील, तर त्या आत येणाऱ्या हवेबरोबर एक किलोवॉटच्या आसपास उष्णताही येते. दीड मीटरची नळी स्वतः तापलेली असते, ती आणखी शे-दीडशे वॉट खोलीतच सोडते. उरतात दीड किलोवॉटपेक्षा थोडे कमी. गंमत अशी की रात्री दहानंतर बाहेरची हवा 23-24 वर आली की हा तोटा आपोआप संपतो; गरज सर्वांत कमी असते तेव्हाच यंत्र सर्वांत चांगलं चालतं.

म्हणून बदली हवा कुठून येते हे ठरवणं आपल्या हातात ठेवा. दार पूर्ण बंद केलं तर हवा माळ्याच्या झाकणातून, दिव्याच्या भोकातून, जमिनीच्या फळ्यांमधून येते, आणि दुपारी माळ्यावरची हवा भट्टीसारखी असते. त्यापेक्षा दार दोन बोटं उघडं ठेवायचं, तळमजल्यावरची उत्तरेची खिडकी किलकिली करायची आणि माळ्याच्या झाकणाला कडेने फोमची पट्टी लावायची. तपासायला उदबत्ती पुरते: यंत्र चालू असताना दाराच्या फटीशी, स्विचच्या डब्याशी, खिडकीच्या कोपऱ्यात धरा. धूर जिथे आत ओढला जातो तिथली फट बुजवा. दाराशी मात्र तो आत यायलाच हवा.

याच कारणाने एक इशारा. घरात लाकडाची शेगडी किंवा उघड्या धुराड्याचं गॅसचं उपकरण असेल, तर हा ओढा धुराड्यातला वायू उलटा घरात आणू शकतो. अशा घरात ते उपकरण आणि हे यंत्र एकाच वेळी चालवू नका आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. बंद धुराड्याच्या आधुनिक कॉम्बी बॉयलरला ही अडचण नाही.

आता खिडकी. यंत्राबरोबर येणारी सरकती प्लॅस्टिकची पट्टी बाजूला किंवा वर सरकणाऱ्या खिडकीसाठी असते. बाहेर उघडणाऱ्या झडपेवर ती निरुपयोगी. बाजारात मिळणारं झिपचं कापडी सील अर्धं चौकटीवर, अर्धं झडपेवर वेल्क्रोने चिकटवतात. चिकटवण्याआधी चौकट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करा, पट्टी लावल्यावर एक दिवस तिच्यावर भार देऊ नका. एवढं करूनही कडक उन्हात बिजागरीकडचा कोपरा सुटतो, वारा सुटला की कापड फडफडतं आणि नळी झिपमधून निसटते. दहा-पंधरा दिवसांसाठी ठीक, उन्हाळाभरासाठी नाही.

टिकाऊ उपाय म्हणजे चौकटीच्या आतल्या मापाची 5 मिलिमीटर पॉलिकार्बोनेटची शीट. माप चारही बाजूंनी 3 मिलिमीटर कमी घ्यायचं, कडेला फोमची पट्टी, खालच्या कोपऱ्यात नळीच्या तोंडाच्या मापाचं भोक. ते बहुतेक 150 मिलिमीटरचं असतं, तरी स्वतः मोजा. भोकात नळी बसवायची कॉलर आणि शीट धरून ठेवायला चार फिरत्या खिट्ट्या. स्क्रूने कायमची ठोकू नका, कारण वरच्या मजल्यावर आग लागली तर तीच खिडकी बाहेर पडायची वाट असते. झडप बाहेर किमान एक हात उघडी हवी, नाहीतर गरम हवा तिच्यावर आपटून परत फिरते. नळी शक्य तेवढी आखूड आणि सरळ ठेवा. जोड देऊन लांबवली की पंख्याचा जोर अपुरा पडतो आणि यंत्र तापून बंद होतं. नळीला फॉइलचं आवरण गुंडाळल्याने फरक जाणवतो, आणि हा सगळ्यात स्वस्त सुधार आहे.

यंत्र नीट काम करतंय का हे थर्मामीटरने कळतं. यंत्राच्या मागच्या, हवा ओढणाऱ्या जाळीपाशी आणि पुढच्या, गार हवा सोडणाऱ्या झडपांपाशी तापमान घ्या. फरक 8 ते 12 अंश असायला हवा. कमी असेल तर आधी फिल्टर पाहा. गालिच्याच्या घरात तो दर दोन आठवड्यांनी धुवावा लागतो.

पाणी. दिवसा कोरड्या हवेत यंत्र हवेतल्या ओलाव्याचं साठलेलं पाणी गरम कॉइलवर उडवून नळीतून वाफ करून टाकतं, टाकी भरतच नाही. दमट रात्री हे पुरत नाही. पहाटे कधीतरी टाकी भरल्याचा कोड येतो, कॉम्प्रेसर बंद पडतो आणि खोली तापायला लागते. खालचं बूच जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटरवरच असतं, त्यामुळे त्याखाली बादली बसत नाही. बेकिंगचा पसरट ट्रे ठेवा किंवा झोपण्याआधीच पाणी काढा.

आवाज ही खरी उणीव. कॉम्प्रेसर उशापाशीच असतो. सतत घरघर चालली तर कान सरावतात, पण कॉम्प्रेसर थांबून पुन्हा धक्क्याने सुरू झाला की जाग येते. फळ्यांच्या जमिनीवर खाली जाड रबरी चटई हवीच, नाहीतर खालच्या खोलीचं छत गुणगुणतं. उत्तम वेळापत्रक असं: सायंकाळी सहापासून 21 वर लावून खोलीबरोबर भिंतीही गार करायच्या, बाहेरचं तापमान आतल्यापेक्षा खाली उतरलं की यंत्र बंद, शीट काढून खिडकी उघडी. बाहेर रात्रभर 20च्या खाली उतरत नाही अशाच रात्री यंत्र चालू ठेवायचं.

खर्च वाटतो तेवढा नाही. यंत्र साधारण एक किलोवॉट घेतं. 2025च्या जुलै ते सप्टेंबरच्या ऑफजेम (वीज-गॅसचा सरकारी नियामक) दरमर्यादेने युनिट सरासरी 25.73 पेन्स होतं, म्हणजे आठ तासांचे दोन पौंडांच्या आसपास. प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावा. गुंडाळलेल्या एक्स्टेंशनवर नाही, ती तापून वितळू शकते.

पण यंत्रापेक्षा जास्त काम सावली करते. लंडनमध्ये जूनअखेरीस सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो, आणि तासन्‌तास खाली कलून थेट पश्चिमेच्या काचेत घुसतो. दीड चौरस मीटर डबल ग्लेझिंगमधून अर्धा किलोवॉटच्या आसपास ऊन आत येतं. म्हणजे यंत्राकडून हाती उरलेल्या ताकदीचा तिसरा हिस्सा. आतला पडदा ते काच ओलांडल्यावर अडवतो, तोवर उष्णता खोलीत आलेली असते. अडवायचं ते बाहेरून. न उघडणाऱ्या काचेवर बाहेरून जाळीचं शेड लावा. यंत्र बंद असताना उघडणाऱ्या झडपेवर पांढरी चादर बाहेर सोडून तिची वरची कड झडपेत दाबून बंद करा. शेजारी काय म्हणतील ते म्हणोत. आणि संध्याकाळच्या पोळ्या: गॅसची मधली शेगडी पावणेदोन किलोवॉटची असते, म्हणजे यंत्र जेवढं काढतं त्यापेक्षा जास्त ती घरात ओतते. लाटेच्या दिवसांत पोळ्या सकाळी सातलाच.

नागपूरकर विचारतीलच, की कूलर का नको? तिथला कूलर खिडकीबाहेर असतो, कोरडी हवा ओढतो आणि ओली हवा दुसऱ्या खिडकीतून निघून जाते. एक लिटर पाणी उडालं की सुमारे 0.7 किलोवॉट-तास उष्णता शोषली जाते, हे इथेही खरं आहे. पण इथे ‘एअर कूलर’ म्हणून विकली जाणारी छोटी खोकी बंद खोलीच्या मध्यभागी ठेवतात. ओलावा तिथेच साठतो आणि तासाभरात खोली चिकचिकीत होते. त्यापेक्षा साधा पंखा बरा, तोही खोली 35 अंशांच्या आत असेपर्यंतच. त्यावर तो अंगावर गरम झळ मारतो.

स्वतःचं घर असेल आणि माळ्यावर खोली काढलेली असेल, तर पोर्टेबलवर पैसे घालू नका. तिरक्या छपराखाली 9,000 पुरत नाही, आणि 12,000चं यंत्र हवा आणखी ओढतं. तिथे भिंतीवरचा स्प्लिटच हवा. एका खोलीला बसवण्यासकट साधारण दीड ते अडीच हजार पौंड, आणि बसवणाऱ्याकडे एफ-गॅसचं, म्हणजे एसीतले वायू हाताळण्याचं प्रमाणपत्र असलंच पाहिजे. लीजच्या फ्लॅटमध्ये बाहेरचं युनिट लावायला सहसा फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची लेखी परवानगी लागते, म्हणून तिथे दोन नळ्यांचं पोर्टेबल पाहा. ते कॉइलसाठी हवा बाहेरूनच घेतं, त्यामुळे वर सांगितलेला तोटा बराच कमी होतो.

आणल्यावर यंत्र सुरू करण्याआधी एक दिवस उभं ठेवा. वाटेत आडवं झालं असेल तर कॉम्प्रेसरचं तेल परत उतरायला तेवढा वेळ लागतो. आतला वायू बहुतेक आर290, म्हणजे प्रोपेन असतो. लेबलवर खोलीचं किमान क्षेत्रफळ लिहिलेलं असतं, ते पाळा. सप्टेंबरअखेरीस सगळं पाणी काढा, अर्धा दिवस नुसता पंखा चालवून कॉइल सुकवा, फिल्टर धुऊन वाळवा आणि यंत्र उभंच झाकून ठेवा. सुकवायचं राहिलं तर जूनमधल्या पहिल्या रात्री खोलीभर कुबट वास सुटतो.