महिनाभर वापरा, मग बघा

डुकराच्या केसांचा दाढीचा ब्रश नवा असताना टोचतो. ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, आणि माझे साडेसहाशे रुपये तिनेच घालवले.

मी दुधारी ब्लेडच्या सेफ्टी रेझरने दाढी करतो. साबण डबीतला, फेस थेट गालावर. वडिलांकडे एक ठेंगणा ब्रश होता, झुपका जेमतेम फणसाच्या गऱ्याएवढा. मिशी राखणाऱ्याला तसलाच बरा. मोठ्या ब्रशाने निम्मा फेस मिशीत जातो आणि दाढीपेक्षा मिशी धुण्यातच जास्त वेळ मोडतो. वडिलांचा ब्रश गेल्यावर मी तसाच दुसरा शोधत होतो. झुपक्याची जाडी बुंध्याशी वीस-बावीस मिलिमीटर, केसांची उंची पन्नासच्या आसपास, आणि केस डुकराचेच. ते राठ असतात म्हणून साबणाच्या वडीवरून भराभर फेस उचलतात. बोलोन्याच्या ओमेगा कंपनीचे किंवा पोर्तुगालच्या सेमोगचे ब्रश मला माहीत होते, पण हातात धरून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. (हे शहाणपण पुढे फारसं कामाला आलं नाही.)

मे महिन्यात मालवणच्या बाजारात पर्यटकांसाठी तात्पुरते स्टॉल लागतात. त्यातल्या एकावर काजू, कोकम, खाजाच्या पिशव्यांशेजारी लाकडी मुठीचे सात-आठ ब्रश मांडले होते. छोटा, सुबक आकार, आणि पांढऱ्या केसांत मधोमध काळा पट्टा. विकणारा पंचविशीचा, गोड बोलणारा.

"काका, हा रानडुकराचा आहे. पट्टा बघा, रंगवलेला नाही, जन्माचा आहे. एक केस गळणार नाही, गॅरंटी."

इथेच मी परत फिरायला हवं होतं. मधला काळा पट्टा जन्मतः असतो तो बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांना. डुकराच्या केसांवर तो रंगाने काढतात, ब्रश बॅजरसारखा महाग दिसावा म्हणून. प्रामाणिक कंपन्याही रंगवतात, पण तसं सांगतात. शिवाय रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. त्याचे केस काजूच्या पिशव्यांशेजारी मांडून विकायची सोय या देशात नाही. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. पण ब्रशाची मूठ हातात इतकी नेमकी बसली, की डोकं बाजूला राहिलं.

वास घेऊन बघितला. नव्या डुकराच्या ब्रशाला ओल्या जनावराचा वास येतो, पहिले काही दिवस बायको न्हाणीघराचं दार लावून घेते इतका. याला काहीच वास नव्हता. मी तसं म्हटलं, तर तो म्हणाला, "आम्ही निर्जंतुक करून देतो ना काका." आता माझं दुर्दैव असं, की पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या ब्रशांमुळे इंग्लंड-अमेरिकेत लोकांना अँथ्रॅक्स हा जनावरांकडून येणारा जीवघेणा रोग झाला होता, हे मी कधीतरी वाचलेलं. मीच मान डोलावली. त्याला मेहनतच पडली नाही.

पैसे फोनवरून दिले. बिल मागितलं नाही. साडेसहाशेच्या वस्तूला काय बिल मागायचं!

पहिल्याच दिवशी गालावर काथ्याने घासल्यासारखं झालं. फेस धरत नव्हता. पाणी मनगटावरून थेट कोपरापर्यंत ओघळत होतं. तीन-चार दिवसांनी त्याला फोटोसकट मेसेज केला. उत्तर लगेच आलं: "नवा आहे काका, महिनाभर वापरा, मग बघा. टोकं फाटली की लोण्यासारखा होतो."

आणि हेही खरंच आहे! डुकराच्या केसाचं टोक वापराने दोन-तीन फाट्यांत चिरतं, म्हणून तर जुना ब्रश मऊ लागतो आणि बुंध्याशी ताठ राहतो. त्याला काही आठवडे लागतात. वडिलांचा ब्रश मी बघितला होता तो असाच मुरलेला. मग मी तक्रार कोणत्या तोंडाने करणार? रोज कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवायचो, फेस करायचो, टांगून ठेवायचो. लोणच्याची बरणी हलवावी तशी निष्ठेने सेवा चालली होती.

पंधरा दिवसांनी पुन्हा मेसेज केला. या वेळी उत्तर: "तुमच्याकडचं पाणी मचूळ असेल." आमचं घर कर्लीच्या खाडीकाठी. मेमध्ये विहीर तळाला जाते आणि पाणी मचूळ होतं, साबणाचा फेस खरोखरच कमी होतो. मी शेजाऱ्याकडून नळाचं पाणी तांब्याभर आणून दाढी केली. फरक शून्य. हेही कळवलं. तेव्हा "भिजवताना मीठ पडलं असेल", "साबण बदला", "उलटा टांगा, सुलटा नको"... फाटे फुटायला हवे होते ब्रशाच्या केसांना, फुटत होते याच्या बोलण्याला.

मिरग लागला, पहिला पाऊस झाला, आणि स्टॉल उठले. त्याच्या नंबरावर माझ्या मेसेजला एकच टिक येऊ लागली. महिना भरला होता.

खरं काय ते आमच्या गावातल्या सलूनवाल्या आबांनी सांगितलं. सत्तरीचे आहेत. ब्रश हातात घेतला, चष्मा वर केला.

"खयसून हाडलंस ह्यो?"

सांगितलं. आबांनी एक केस उपटायचा प्रयत्न केला, निघेना. मग कात्रीने दोन केस कापले, चिमट्यात धरले आणि लायटर लावला. केस आक्रसून टोकाला टाचणीच्या माथ्याएवढा कडक मणी झाला, प्लॅस्टिक जळल्याचा दर्प आला. मग स्वतःच्या खणातून जुना, झिजलेला ब्रश काढला आणि त्याचा एक केस जाळला. तो चुरचुरला, बोटांत धरल्यावर राख झाली आणि कोंबडी भाजताना पिसं जळतात तसा वास सुटला.

"ह्ये केस नाय रे झिला. तंगूस हा. गरीक लावतत तो."

म्हणजे महिनाभर मी मासे पकडायची नायलॉनची दोरी मुरवत होतो.

मग त्यांनी ब्रश खिडकीकडे धरून दाखवला. डुकराचा केस मुळाशी जाड आणि टोकाकडे बारीक होत जातो. दोन केस अगदी एकसारखे नसतात, एखादा पिवळट, एखादा वाकडा. माझ्या ब्रशाचे सगळे केस एका मापाचे, एका रंगाचे, टोकं सपाट छाटलेली. काळा पट्टासुद्धा प्रत्येक केसावर त्याच उंचीला. जाळायची गरजच नव्हती, उन्हात धरला असता तरी स्टॉलवरच कळलं असतं. पाण्याचंही तसंच. डुकराचा केस पाणी पितो, भिजल्यावर हाताला नरम आणि जड लागतो. नायलॉन पाणी फारसं पीत नाही, म्हणून ते कोपरापर्यंत येत होतं.

एक सांगायला हवं. कृत्रिम केसांचा ब्रश वाईट असतो असं मुळीच नाही. हल्लीचे चांगले बारीक टोकांचे ब्रश मऊ असतात, मुरवावे लागत नाहीत, आणि आमच्याकडच्या जुलैत, जेव्हा टॉवेलसुद्धा चार दिवस वाळत नाही, ते डुकराच्या केसांआधी सुकतात. कोणी मला "नायलॉनचा आहे, साठ रुपये" म्हणाला असता तर कदाचित घेतलाही असता.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी बिल विचारलं, दुकानाचं नाव, पत्ता विचारला. माझ्याकडे एक फोन नंबर आणि पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट. नाव त्यात कुठल्यातरी बाईचं होतं. मी फोन ठेवला. आता ब्रश घेताना आधी बिल मागतो, आणि विकणारा "एक केस जाळून बघू का?" या प्रश्नावर काय तोंड करतो ते बघतो. मागच्या महिन्यात कुडाळात दोघांना विचारलं. एकाने कात्री दिली. दुसऱ्याने ब्रश परत काचेत ठेवला.

पहिल्याकडून घेतला. एकवीस मिलिमीटरचा, डुकराचा, वास मारणारा. पहिल्या आठवड्यात सात केस गळले, ते चालतं.

तो पट्टेवाला फेकला नाही. बायको त्याने मिक्सरच्या खाचा साफ करते. त्या पोराची गॅरंटी तेवढी खरी निघाली, अजून एक केस गळलेला नाही.