दोन उमेदवारांची एकच आजी : पीए प्रवेशाच्या नावाखाली झालेली माझी फसवणूक

ज्या माणसाने मला ५,४०० डॉलरना फसवले, त्याने पहिल्याच फोनवर मला ‘डॉक्टर’ अशी हाक मारली होती. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बीएचएमएस पदवी आणि पुण्यातील चार वर्षांचा स्वतःचा दवाखाना मागे ठेवून मी २०१७ साली नवऱ्याबरोबर न्यू जर्सीला आले. माझ्या पदवीवर इथे डॉक्टर म्हणून काम करता येत नाही, त्यामुळे सहा वर्षांत ती हाक मला कोणीही मारलेली नव्हती. त्या एका शब्दाने माझी अर्धी सावधगिरी उतरवली, हे आज कबूल केले नाही तर पुढचे काहीही सांगण्यात अर्थ नाही.

फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए, हा अभ्यासक्रम करायचे मी ठरवले तेव्हा माझ्या आत्याने फोनवर विचारले होते, “म्हणजे कंपाउंडर का गं?” या पेशाच्या नावात असिस्टंट असल्यामुळे तिचा समज स्वाभाविक होता. प्रत्यक्षात येथील पीए रुग्ण तपासतात, निदान करतात आणि पन्नासही राज्यांत औषधे लिहून देऊ शकतात. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात नौदलातील माजी वैद्यकीय सेवकांना घेऊन पहिली तुकडी सुरू झाली, तेव्हापासून हा पेशा वाढत आला आहे, आणि २०२१ साली त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने ‘असिस्टंट’ऐवजी ‘असोसिएट’ हे नावही स्वीकारले. अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी सव्वादोन वर्षांच्या आसपास असतो. त्याचा पहिला भाग वर्गात आणि दुसरा रुग्णालयांत जातो.

मान्यताप्राप्त अभ्यासक्रम देशभरात तीनशेहून अधिक आहेत. पण माझ्यासारखीच्या वाट्याला त्यांतले फार थोडे उरतात. अनेक संस्था परदेशी पदवीतील विषय ग्राह्य धरत नाहीत, म्हणून शरीरशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, संख्याशास्त्र हे सारे मी इथल्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे रात्रीच्या वर्गांना बसून पुन्हा केले. काही संस्था केवळ नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांनाच घेतात, आणि मी तेव्हा नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या एच-४ व्हिसावर होते. अर्जासाठी लागणाऱ्या रुग्णसेवेच्या तासांसाठी मी एका अर्जंट केअर केंद्रात मेडिकल असिस्टंट म्हणून २,१०० तास काम केले. बीपी घेणे, ईसीजी काढणे, इंजेक्शन देणे ही कामे स्वतःचा दवाखाना चालवलेल्या बाईने करताना मनाला काय होते, तो विषय वेगळा. एवढे करून माझ्या यादीत ११ संस्था उरल्या. पहिल्या वर्षी त्यांतल्या एकीने मुलाखतीला बोलावले आणि नकार कळवला.

अशा वेळी इथल्या मराठी बायकांच्या एका व्हॉट्सॲप गटावर ‘पीए प्रवेशाचे खात्रीशीर मार्गदर्शन’ करणाऱ्या एका सरांचा नंबर आला. अस्खलित मराठी, मुळीच घाई नाही, आणि बोलण्यात सारखे ‘आपली माणसं’. शुल्क २,४०० डॉलर, दोन हप्त्यांत. त्यांतले १,४०० मी जुलैमध्ये क्रेडिट कार्डाने भरले. त्या बदल्यात सहा सराव मुलाखती आणि ‘हमखास विचारल्या जाणाऱ्या’ ८० प्रश्नांची तयार उत्तरे असलेली एक फाइल मिळाली. माझे २,१०० तास पाहून त्यांनी सहज सुचवले, “डॉक्टर, पाच हजार लिहा. कोण मोजायला बसलंय?” हे मी केले नाही, कारण कास्पा या सामायिक अर्जप्रणालीत प्रत्येक अनुभवापुढे वरिष्ठाचे नाव आणि संपर्क द्यावा लागतो, आणि अर्जातला मजकूर खरा व स्वतःचा असल्याचे उमेदवाराने लिहून द्यायचे असते. मात्र जो माणूस मला खोटे लिहायला सांगतो तो माझ्याशी खरे बोलत असेल का, हा प्रश्न मला त्या दिवशी पडायला हवा होता आणि तो पडला नाही.

त्या फाइलमधील ‘तुम्हाला पीए का व्हायचे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर एका आजीभोवती रचलेले होते. नऊ वर्षांची मुलगी आजारी आजीचे मनगट हातात धरून बसते, नाडी म्हणजे काय हे तिला ठाऊक नसते, पण बोटाखालची ती धडधड तिला आयुष्याची दिशा देते, असा तो मजकूर होता. माझी खरी आजी साताऱ्याकडची. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ती विहिरीचे पाणी शेंदत होती आणि तिने आपली नाडी कुणाला पाहू दिली असती असे मला वाटत नाही. तरीही मी ते उत्तर पाठ केले, आरशासमोर म्हटले, आणि ‘धडधड’ या शब्दापाशी किती थांबायचे तेही सरांकडून शिकून घेतले.

सप्टेंबरमध्ये एका संस्थेत गटमुलाखत झाली. लांबट टेबलाभोवती आम्ही सहा उमेदवार आणि समोर दोन प्राध्यापिका. माझ्या डाव्या हाताला टेक्सासहून आलेली एक मुलगी होती, गडद निळा सूट आणि केसांचा घट्ट अंबाडा. प्रश्न तिच्याकडे आला आणि ती म्हणाली, की मी नऊ वर्षांची असताना आजीचे मनगट धरून बसले होते. शब्द तेच, आणि ‘धडधड’पाशी घेतलेला विरामही तोच. माझी पाळी तिच्यानंतर लगेच होती. समोरच्या पेल्यातले पाणी मी अर्धे प्यायले आणि मग काहीतरी बोलले; काय बोलले ते मला आजही आठवत नाही. एवढे मात्र स्पष्ट आठवते, की दोघींपैकी वयाने मोठ्या प्राध्यापिकेने त्या मुलीचे उत्तर ऐकताना पेन खाली ठेवले होते. असली उत्तरे त्यांनी आधीही ऐकलेली असणार.

दुपारच्या एमएमआय पद्धतीच्या मुलाखतीत तर ती फाइल निव्वळ रद्दी ठरली. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात निघालेल्या या पद्धतीत उमेदवार एका दालनातून दुसऱ्या दालनात जातो, दारावरचा प्रसंग दोन मिनिटांत वाचतो आणि आत जाऊन काही मिनिटे त्यावर बोलतो. एका दारावर लिहिले होते, की रुग्णाला वास येईल एवढी दारू पिऊन तुमचा सहकारी कामावर आला आहे. तिथे पाठांतराचा काहीच उपयोग नसतो. तुम्ही आधी रुग्णाचा विचार करता की मैत्रीचा, आणि अडलात तर वरिष्ठांकडे जाता की नाही, हे ते पाहत असतात. दवाखान्यातल्या चार वर्षांत मी असे पेच सोडवले होते. पण दोन महिने दुसऱ्याची वाक्ये घोकल्यामुळे माझी स्वतःची वाक्ये मला त्या वेळी सापडेनात.

घडला प्रकार मी सरांना सांगितला तेव्हा ते हसले. “म्हणजे उत्तर चांगलं आहे, डॉक्टर. दोघींना तेच सुचलं.” आणि मी रागावले आहे हे ओळखून त्यांनी लगेच दुसरे आमिष पुढे केले. एका विद्यापीठात नवा पीए अभ्यासक्रम सुरू होत आहे, त्याला ‘प्रोव्हिजनल’ मान्यता आहे, पहिल्या तुकडीच्या काही जागा ‘थेट मार्गाने’ भरायच्या आहेत, आणि तिथल्या लोकांशी त्यांची ओळख आहे. आपल्याकडे पदवीदान समारंभाआधी विद्यापीठ प्रोव्हिजनल सर्टिफिकेट देते. त्याला कोणी कमी लेखत नाही. त्या सवयीने मीही तो शब्द ऐकला आणि पुढे काही शोधले नाही.

ऑक्टोबरच्या मध्यास झूमवर वीस मिनिटांची मुलाखत झाली. समोर दोन माणसे होती, दोघांच्याही मागे विद्यापीठाचे चित्र लावलेले. दोनच दिवसांत प्रवेशपत्राची पीडीएफ आली. जागा राखून ठेवण्यासाठी ३,००० डॉलर सरांच्या खात्यावर झेलने, म्हणजे बँकेतून थेट पैसे पाठवण्याच्या सेवेने, पाठवायचे होते, कारण ‘विद्यापीठाचे पोर्टल अजून तयार व्हायचे आहे’. मी पाठवले. पुढे नोव्हेंबरमध्ये ‘कागदपत्रांच्या कामासाठी’ शुल्काचे उरलेले १,००० डॉलर कार्डाने भरले.

याहून मोठे नुकसान पैशांत मोजण्यासारखे नाही. माझ्या यादीतल्या एका जुन्या, नावाजलेल्या संस्थेचे मुलाखतीचे बोलावणे त्याच आठवड्यात आले होते. सर म्हणाले, “एक जागा स्वीकारल्यावर दुसरीकडे जाणं नियमात बसत नाही, नाव काळ्या यादीत जातं.” असा कोणताही नियम नाही. पीएच्या प्रवेशांत एकाहून अधिक संस्थांच्या मुलाखती देता येतात, एकाहून अधिक जागा देऊ केल्या गेल्या तर त्यांतली एक निवडता येते, आणि फार तर भरलेली अनामत बुडते. पण मी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून फोनवरच त्या संस्थेला सभ्य नकार लिहिला आणि पाठवून दिला.

प्रकरण उघडे पडले ते डिसेंबरात, डबा खाताना. आमच्या केंद्रातल्या वरिष्ठ पीएला मी आनंदाने प्रवेशाची बातमी सांगितली. तिने अभिनंदन केले आणि विचारले, की कास्पामध्ये त्या अभ्यासक्रमापुढे तुझ्या अर्जाची काय स्थिती दिसते? तिथे मी अर्ज केलेलाच नव्हता; ‘थेट मार्ग’ होता ना. ती खायची थांबली. लसीकरणाचे दाखले मागितले का, गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी झाली का, पत्र विद्यापीठांच्या ‘डॉट ईडीयू’ ईमेल पत्त्यावरून आले का, या तिन्ही प्रश्नांना माझे उत्तर ‘नाही’ होते. मग तिने आपल्या फोनवर एआरसी-पीए या मान्यता देणाऱ्या आयोगाचे संकेतस्थळ उघडले. माझे विद्यापीठ त्यात होते, पण विकसनशील अभ्यासक्रमांच्या यादीत. म्हणजे प्रोव्हिजनल मान्यतेसाठी त्यांनी अर्ज तेवढा केलेला होता, आणि पहिली तुकडी अपेक्षित होती ती दीड वर्षानंतर. मान्यता मिळाल्याखेरीज त्यांना वर्ग सुरू करता येणार नाही, हे विद्यापीठाने स्वतःच्या पानावर ठळक लिहिले होते. मी प्रवेश कार्यालयात फोन केला. पलीकडच्या बाईंनी माझे नाव दोनदा विचारून घेतले आणि शांतपणे सांगितले, “आम्ही अजून मुलाखती सुरूच केलेल्या नाहीत.”

त्या विद्यापीठाचा यात काडीचाही दोष नाही. त्यांचे नाव आणि चित्र चोरीला गेले होते. खरी प्रोव्हिजनल मान्यता मिळालेले नवे अभ्यासक्रमही त्याज्य नसतात, कारण तिथून उत्तीर्ण होणाऱ्यांना पॅन्स ही परवान्यासाठीची परीक्षा देता येते. कोणतीच मान्यता नसलेल्या ठिकाणाहून मात्र त्या परीक्षेला बसता येत नाही, आणि त्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याशिवाय पीएचा कायमचा परवाना मिळत नाही.

त्या दुपारी तिने मला आणखी दोन तक्ते वाचायला शिकवले, आणि माझ्या मते ८० तयार उत्तरांपेक्षा त्यांची किंमत जास्त आहे. मान्यताप्राप्त संस्थेला आपल्या विद्यार्थ्यांचे पॅन्समधले पाच वर्षांचे निकाल आणि गळतीचा तक्ता संकेतस्थळावर ठेवावाच लागतो. हे दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे. समजा एखाद्या संस्थेचा निकाल ९८ टक्के आहे, पण ५० जणांच्या तुकडीतले ९ जण मध्येच गळले किंवा मागे पडले. तर तो ९८ टक्के निकाल उरलेल्या ४१ जणांचा आहे, हे लक्षात घ्यायला हवे. मुलाखतीत आपल्यालाही प्रश्न विचारायला सांगतात, तेव्हा ‘रुग्णालयातील प्रशिक्षणाच्या जागा कोण शोधते?’ हे जरूर विचारावे. ते काम विद्यार्थ्यांवर लादू नये असा आयोगाचा दंडक आहे, आणि उत्तर देणारी व्यक्ती कुठे अडखळते त्यावरून बरेच कळते. यांतल्या एकाही गोष्टीसाठी मध्यस्थ लागत नाही आणि पैसे पडत नाहीत.

पैशांचे म्हणाल तर नोव्हेंबरचे १,००० डॉलर कार्ड कंपनीने तक्रारीनंतर परत केले. जुलैच्या रकमेची हरकत घेण्याची साठ दिवसांची मुदत उलटून गेली होती. झेलने पाठवलेले ३,००० परत द्यायला बँकेने नकार दिला, कारण ते मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या संमतीने पाठवले होते. पोलिसांत, राज्याच्या ग्राहक विभागात आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रारी नोंदवल्या. तिन्ही क्रमांक माझ्याकडे आहेत, पैसे नाहीत. सरांचा नंबर जानेवारीपासून बंद आहे. व्हॉट्सॲप गटावर मी हे सारे लिहिले तेव्हा दोघींनी मला खासगीत कळवले की त्यांनीही पैसे भरले होते, पण ‘घरी माहीत नाही, कृपया नाव घेऊ नका’. मीही नवऱ्याला तीन आठवडे सांगितले नव्हते, त्यामुळे त्यांना बोल लावण्याचा अधिकार मला नाही.

ज्या संस्थेला मी नकार कळवला होता, तिला मी घडलेले सर्व न लपवता लिहिले. त्या वर्षीच्या मुलाखती संपल्याचे आणि पुढील फेरीत पुन्हा अर्ज करावा असे दोन ओळींचे उत्तर आले. एप्रिलअखेर कास्पा उघडल्यावर मी तो केला. या खेपेस तयारी म्हणून मी दवाखान्यातले १२ प्रसंग वहीत मराठीत लिहून काढले आहेत, त्यांत माझ्या हातून झालेल्या चुका पहिल्या, आणि ती वरिष्ठ पीए दर गुरुवारी त्यांतला एक प्रसंग मला इंग्रजीत, न पाहता, सांगायला लावते.

मागच्या महिन्यात गटावरच्या एकीने आपल्या भाचीला माझ्याकडे पाठवले. तिला वेगळ्या नावाचे, वेगळ्या नंबरचे एक सर भेटले होते. त्यांनी दिलेली फाइल तिने माझ्यासमोर उघडली. पहिल्याच प्रश्नाच्या उत्तरात नऊ वर्षांची मुलगी मनगट धरून बसली होती. आजीच्या जागी आता आजोबा होते. बाकी एक शब्दही बदललेला नव्हता.