कॅम्परव्हॅन चांगली, पण फ्रिजनं घात केला

ऑस्ट्रेलियात डार्विन ते अ‍ॅडलेड, जवळपास 3000 किमी, मी अन् आमचे हे, दोघंच. भाड्याची व्हॅन तशी ठीकठाक, गादी मस्त, शेगडीवर रोज पोहे (मसाला नागपूरहूनच नेला, एअरपोर्टवर डिक्लेअर करून), पण तिसऱ्याच दिवशी फ्रिज बंद अन् कंपनीवाले फोनवर नुसते सॉरी सॉरी, बाहेर आपल्या मे महिन्यासारखी भट्टी पेटलेली. 50 मीटरच्या वर लांब रोड ट्रेन (मागं तीन-चार ट्रेलर जोडलेला ट्रक) शेजारून गेली का अख्खी व्हॅन हलते ना बाप्पा! कच्च्या रस्त्यावर इन्शुरन्स नव्हता, सही करायच्या आधी वाचून घ्या. संध्याकाळी कांगारू आडवे येतात, अंधाराआधी थांबायचं. कूबर पेडीला (वाटेतलं वाळवंटातलं खाणीचं गाव) जमिनीखालच्या खोलीत झोपलो, काय गारवा! फ्रिजचे पैसे अजून आले नाहीत. 3 स्टार.