बदलत्या टोकांच्या गोल सुयांचा सेट, दोन हिवाळे वापरल्यानंतर

चार टोप्या, हातमोज्यांचे तीन जोड आणि एक लांबलचक मफलर एवढं सगळं याच सुयांवर विणून झालंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. सेटमध्ये बांबूच्या टोकांच्या सात जोड्या येतात, ३.५ पासून ८ मिमीपर्यंत, सोबत दोन टोकांना जोडणाऱ्या ६०, ८० आणि १०० सेंमीच्या लवचिक केबल, टाके निसटू नयेत म्हणून केबलला लावायची बुचं आणि घट्ट करायची एक बारीक किल्ली.

गोल सुईत मी सगळ्यात आधी जोड बघते. टोक आणि केबल जिथे मिळतात तिथे टाका अडकायला लागला की दर फेरीला हात थांबतो, लोकरीचे तंतू ओढले जातात, आणि टोपीच्या एका फेरीत शंभरावर टाके असतात म्हणजे किती वेळा अडकणार बघा. इथे जोडावरून बोट फिरवलं तरी काही लागत नाही, पूर्ण मार्क. फक्त किल्ली वापरायचा कंटाळा करू नका हं! नुसतं हाताने पिळून मी मफलर विणत बसले होते, मध्येच टोक सुटलं आणि चाळीसेक टाके खाली, ते उचलण्यात अख्खी संध्याकाळ गेली. किल्ली घालायला जोडावर जे भोक असतं त्याचा आणखी एक फायदा, त्यात पातळ दोरा ओवून एक ओळ विणली की दोरा आपोआप सगळ्या टाक्यांमधून जातो, पुढे जाळीची नक्षी चुकली तर फक्त तिथपर्यंतच उसवायचं.

पैसे वसूल कुठे झाले सांगू, तर टोपीच्या पट्टीत. पट्टी मी ३.५ वर विणते आणि वरचा भाग ४ वर, आता फक्त टोकं बदलायची, टाके एका सुईवरून दुसरीवर घ्यायचेच नाहीत. माझा हिशोब असा, डीके म्हणजे मध्यम जाडीची लोकर, ४ मिमीवर मापासाठी नमुन्याचा छोटा तुकडा विणला तर १० सेंमीत २२ टाके, डोकं ५६ सेंमी, टोपी नीट धरून बसायला ५ सेंमी कमी, म्हणजे ५१ सेंमीला साधारण ११२ टाके. ४ ने भाग जातो, त्यामुळे दोन सुलट दोन उलट बरोबर बसतं. नमुना मात्र याच सुयांवर विणा आणि धुऊन मगच मोजा, मेटलच्या सुईवर त्याच नंबरला हात वेगळा पडू शकतो आणि सुपरवॉश मेरिनो (मशीनमध्ये धुता येणारी मेरिनो लोकर) तर धुतल्यावर चांगलीच सैलावते.

आता तक्रार. ४० सेंमीची केबल नाहीये. ५१ सेंमीची टोपी ६० सेंमीच्या सुईवर ताणली जाते, म्हणून १०० ची केबल घेऊन अर्धे अर्धे टाके दोन बाजूंना ठेवून मधून केबलचा फास ओढत विणावं लागतं, मॅजिक लूप म्हणतात ते. वर टाके कमी करताना आणि हातमोज्याच्या अंगठ्याला ते लागतंच म्हणा, पण सरळसोट फेऱ्यांना उगाच वेळ जातो. बाजू बदलताना पहिले दोन टाके जरा ओढून घ्या, नाहीतर तिथे शिडीसारखी उभी फट दिसते. केबल नवीन असताना गुंडाळीसारखी वळत राहायची, मिनिटभर गरम पाण्यात ठेवून सरळ केली आणि प्रश्न मिटला.

बांबूला लोकर धरून राहते, नवीन शिकणाऱ्याला हे फार बरं, टाके घरंगळत नाहीत. पण स्वस्तातलं ॲक्रिलिक यावर अडखळत जातं, भरभर विणणाऱ्यांनी मेटलच बघावं. नंबर मिमीमध्ये कोरलेत हे खूपच छान, कारण जुन्या ब्रिटिश मापात १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी आणि अमेरिकन १० म्हणजे चक्क ६ मिमी, नुसता नंबर बघून सुई घेतली की टोपी कुणाच्या डोक्यावर बसेल काही सांगता येत नाही.

८ मिमी मी मफलरलाच वापरली, ती पण एकदाच. फक्त टोप्या आणि हातमोजेच करायचे असतील तर अख्खा सेट घेऊ नका, १०० सेंमीच्या दोन साध्या गोल सुया, एक ३.५ ची आणि एक ४ ची, एवढ्यात काम होतं. स्वेटरपर्यंत जायचा विचार असेल तर मात्र बिनधास्त घ्या.