हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात हिरवळ: लहान ट्रॅक्टरला कोणते टायर घ्यावेत?

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, इरी सरोवराच्या काठी, घराभोवती दोन-तीन एकर जागा असलेला माणूस पंचवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतो तो मुख्यतः बर्फाच्या धास्तीने. बफेलोत वर्षाला सरासरी ९५ इंचांच्या आसपास बर्फ पडतो आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये शेजारच्या ऑर्चर्ड पार्कला एकाच वादळात सुमारे ८० इंच पडला, हे पाहता ती धास्ती खरीच आहे. तरीही टायर निवडताना आधी उन्हाळ्याचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण बर्फावरची पकड चाकांवर चढवायच्या साखळ्या आणि वजन यांनी वाढवता येते, पण टायरने उकरलेली हिरवळ भरून यायला अख्खा हंगाम जातो.

आपल्याकडच्या शेतात दिसतो तो तिरक्या, उंच पट्ट्यांचा टायर इथे आर-१ म्हणून मिळतो. मोकळ्या, खोल बर्फात तो उत्तम चालतो, कारण त्याचे पट्टे खालपर्यंत रुततात आणि कडेला उघड्या असलेल्या खाचांतून बर्फ आपोआप बाहेर पडतो. मात्र दाबून घट्ट झालेल्या बर्फावर जमिनीला टेकणारे रबर कमी असल्याने त्याचा हा फायदा उरत नाही, डांबरावर तो लवकर झिजतो आणि ओल्या हिरवळीवर वळताना गवत मुळासकट उपटतो. बागेची नांगरट किंवा चिखलातले काम नसेल, तर तो घेण्याचे कारण मला दिसत नाही.

विक्रेते बहुधा आर-४, म्हणजे औद्योगिक टायर, सुचवतात. पुढे लोडर, म्हणजे बकेट असलेले उचलण्याचे अवजार, लावून माती, खडी किंवा लाकडे उचलायची असतील तर तो सल्ला योग्य आहे, कारण त्याच्या जाड, ताठ बाजू ओझ्याखाली दबत नाहीत आणि खुंटांनी सहज फाटत नाहीत. परंतु त्याचे रुंद, गुळगुळीत ठोकळे घट्ट बर्फावर फारसे धरत नाहीत. आमच्या घरासमोरच्या डांबरी उतारावर, बकेट भरलेली असताना, मागची चाके ब्रेकने पूर्ण थांबलेली होती आणि तरीही ट्रॅक्टर सावकाश रस्त्याकडे सरकत राहिला. मी बकेट खाली टेकवली तेव्हाच तो थांबला. अशा बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि पुढचे ओझे नेमके मागचे वजन हलके करते. म्हणून उतारावर फोर-व्हील ड्राइव्ह चालूच ठेवावा, म्हणजे पुढची चाकेही गती रोखतात.

आर-३, म्हणजे हिरवळीचा टायर, बर्फात निकामी ठरतो असा समज आहे, पण तो अर्धाच खरा आहे. त्याच्या बारीक नक्षीला पुष्कळ कडा असतात आणि पातळ, दाबलेल्या बर्फावर त्या आर-४ पेक्षा चांगल्या धरतात. ओल्या, खोल बर्फात मात्र उथळ खाचा भरून जातात आणि टायर सपाट होतो. म्हणून बर्फ कशाने काढणार, हे आधी ठरवावे: पात्याने ढकलायचा असेल तर सगळी मदार पकडीवर असते, तर ब्लोअर (बर्फ उडवून बाजूला फेकणारे यंत्र) लावला की ट्रॅक्टर संथ चालतो आणि साखळ्यांसह आर-३ पुरेसा होतो. आर-३ आणि आर-४ यांच्या मधला आर-१४ अलीकडे मिळू लागला आहे, आणि लोडर व गवत ही दोन्ही कामे असलेल्या घराला मी तोच सुचवीन. फक्त बर्फाचीच कंत्राटे घेणाऱ्यांसाठी फिनलंडच्या नोकियनसारख्या कंपन्यांचे खास हिवाळी टायर आहेत. घरगुती कामाला तेवढा खर्च नको.

साखळ्या मागच्या चाकांना लावाव्यात आणि घेण्यापूर्वी टायर व मडगार्ड यांच्यातील अंतर मोजावे; ते कमी असेल तर स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणारे तुकडे, लागतात. आर-१ साठी साध्या शिडीसारख्या साखळ्या घेऊ नयेत, कारण आडव्या कड्या पट्ट्यांच्या मधल्या खाचेत जाऊन बसतात आणि त्यांचा उपयोग होत नाही.

वजनासाठी गावाकडे मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, पण इथे ते गोठते. कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण जड असते, मात्र ते गळले तर रिम गंजवते. बीटचा रस जवळपास तितकाच जड असून गंजवत नाही, पण महाग पडतो. कोणतेही द्रव भरले तरी ते वजन उन्हाळ्यातही हिरवळ दाबत राहते. त्यामुळे ज्यांना गवत कापायचे आहे त्यांनी मागच्या थ्री-पॉइंटला (अवजारे जोडायच्या तीन-बिंदू जोडणीला) अडकवायची वजनाची पेटी घ्यावी. ती एप्रिलमध्ये काढून ठेवता येते.

जुन्या ट्रॅक्टरचे टायर बदलताना फक्त मागची जोडी कधीही बदलू नये. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या व मागच्या चाकांच्या घेराचे प्रमाण गिअरशी जुळवलेले असते आणि ते बिघडले तर ताण थेट पुढच्या अ‍ॅक्सलवर येतो. चारही टायर त्या मॉडेलच्या तक्त्यातूनच निवडावेत.